रद्द केलेली वाक्यं

मागच्या महिन्यातल्या एका मंगळवारी मी माझ्या नवऱ्याचा फोन कापला. ऑफिसात मीटिंग चालू होती, मी मिनिट्स लिहीत होते, फोन थरथरला. उचलून हळूच "हां, बोला" म्हटलं तर पलीकडून काही नाही, नुसती टकटक. मी म्हटलं, "अहो, आवाज येत नाहीये, मग करते," आणि फोन पालथा ठेवून दिला. ज्या माणसाला सात वर्षं स्वरयंत्रच नाही, त्याला मी हे म्हटलं.

झालं असं होतं की यांच्या श्वासाच्या भोकात कफाचा खडा अडकला होता. गळ्याला भोक आहे, श्वास तिथूनच. ते बुजलं की संपलं. यांनी टॅब काढून मदतीचं बटण दाबलं, टॅब हँग झाला. बोलणार कशाने? मग मला फोन लावून त्यावर नख आपटत राहिले, आणि मी कापल्यावर भिंतीला धरून जिना उतरले. खालच्या मजल्यावरची कौशल्या नर्स आहे, तिची ड्यूटी त्या दिवशी दुपारची होती, म्हणून घरात होती. तिने चिमट्याने खडा काढला. रात्री ड्यूटीवरून आल्यावर मला म्हणाली, "दीदी, दो मिनट और होते तो..."

आता तो टॅब काय प्रकार आहे ते सांगते. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या पंधरा दिवस आधी सांगितलं होतं की बोलणं जाणार. आमच्या सुधन्वाने, मुलाने, हैदराबादहून टॅब पाठवला. त्यात एक अ‍ॅप होतं. वाक्य आपल्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचं, त्याचं एक बटण तयार होतं, ते दाबलं की टॅब ते वाक्य बोलतो. आमचे शांतारामराव म्हणजे सेक्शन ऑफिसर. त्यांनी आधी यादी केली. समास सोडून, क्रमांक घालून, विषयवार: डॉक्टर, केमिस्ट, भाजीवाला, ऑटो, बँक, डिस्पेन्सरी. वर लिहिलं, 'अवलोकन व मान्यतेसाठी सादर', आणि माझ्यापुढे ठेवली. मी हसत सही केली. दोनशे बारा वाक्यं होती. सगळी हिंदीत.

आता आठवलं की कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं, पण तेव्हा दोघांनाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. दिल्लीत तीस वर्षं काढली की डोकं असंच चालतं. उंबऱ्याबाहेर हिंदी, उंबऱ्याच्या आत मराठी. आवाज लागणार तो बाहेर. "घरात कशाला? तुला माझ्या भुवया कळतात," असं हे म्हणाले होते, बोलता येत होतं तेव्हा. भुवया कळतातच, पण भुवयांना आवाज नसतो. सात वर्षांत आर. के. पुरमच्या भाजीवाल्याने यांचा आवाज माझ्यापेक्षा जास्त ऐकला. मी मुद्दाम बाजारात सोबत जायचे, "भैया, धनिया तो डाल दो" ऐकायला. खोटं कशाला सांगू.

सुधन्वा तीन वर्षं मागे लागला होता. "आई, तो टॅब म्हातारा झालाय. आता नवीन टॅबमध्ये नुसतं टाइप केलं की तो मराठीत बोलतो. बाबा काहीही बोलू शकतील. दोनशे बारा नाही, काहीही."

"कोणाच्या आवाजात?"

"आवाज निवडता येतो. चार आहेत."

"त्यात बाबांचा आहे?"

"आई, तसं नसतं."

"मग राहू दे."

हे तयार होते बरं का. त्यांच्या पाटीवर, ती मुलांची पुसायची पाटी असते ना, तिच्यावर लिहायचे, 'घेऊ या.' मीच नाही म्हणायचे. टॅब अडकला की बंद करून चालू करायचा, तापला की पंख्याखाली ठेवायचा, अशी तीन वर्षं मी ढकलली. माझ्या कानांच्या हौसेपायी मी यांचा श्वास टांगणीला लावला. मंगळवारनंतर मला हे कोणी सांगावं लागलं नाही.

गुरुवारी नवीन टॅब आला. बिल्कुल काचेच्या पाटासारखा, पातळ. शनिवारी जुन्यातलं सगळं नव्यात घालून घ्यायला आम्ही नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. दोन दुकानांनी हातसुद्धा लावला नाही. तिसऱ्या दुकानातल्या पन्नाशीच्या माणसाने टॅब कानाजवळ नेला, कडेने बोट फिरवलं आणि खाली ठेवला.

"मॅडम, बैटरी फूल गई है. स्क्रीन उठ रही है, देखिए. अब इसे चार्ज मत करना, आग पकड़ लेगी."

"तो बदल दीजिए."

"इसका माल आता नहीं. खोलूँगा तो स्क्रीन जाएगी, अंदर बोर्ड में भी जंग है. दोबारा चालू होगा, ये मैं नहीं कह सकता."

"और इसमें जो रिकॉर्डिंग है?"

त्याने बराच वेळ खटपट केली. अ‍ॅप बनवणारी कंपनी कधीच बंद झाली होती. नव्या टॅबवर ते अ‍ॅप येत नव्हतं, आणि जुन्यातून रेकॉर्डिंग बाहेर काढायची सोय त्यांनी ठेवलीच नव्हती. सुधन्वा म्हणायचा, सगळं क्लाउडवर आहे. ते कंपनीबरोबरच गेलं होतं. मी दुकानात हात जोडले. आयुष्यात डायरेक्टरपुढे जोडले नाहीत ते हात. म्हटलं, "भाईसाहब, इनकी आवाज़ है इसमें." यांनी माझे हात धरून खाली केले.

"अठारह परसेंट बची है," तो माणूस म्हणाला. "घर जाके बजाओ और फोन पे रिकॉर्ड कर लो. जो ज़रूरी है पहले." टॅब बंद करून त्याने माझ्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत. त्यावरूनच मी समजले, आता काही होणार नाही.

घरी आल्या आल्या दारं लावली, पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला. जेवणाच्या टेबलावर टॅब ठेवला, शेजारी माझा फोन. मी यादीची जुनी प्रत काढून वाक्यांवर खुणा केल्या होत्या. यांनी पाटी पुढे केली. 'हिंदी नवीन मशीन बोलेल. ही नकोत.'

"मशीन बोलेल, तुम्ही नाही बोलणार," मी म्हटलं. "माझं ऐका एकदा तरी."

एकेक बटण दाबायला सुरुवात केली. "डॉक्टर साहब, रात को नींद नहीं आती." "भैया, मीटर से चलो." "मैं बोल नहीं सकता, सुन सकता हूँ." अठरावरून पंधरा झाले. "पर्ची पर मुहर लगा दीजिए." पंधरावरून एकदम नऊ. बॅटरी टक्क्याटक्क्याने उतरत नव्हती, पायऱ्या गाळून उतरत होती. सव्वीस वाक्यं झाली होती. दोनशे बारातली सव्वीस.

तेव्हा यांनी माझा हात बाजूला ढकलला. तेहतीस वर्षांच्या संसारात यांनी मला कधी ढकललेलं नाही. मी बघतच राहिले. यांनी पानं सरकवत सरकवत शेवटचं पान काढलं. तिथे एक फोल्डर होतं, मी कधी न पाहिलेलं. नाव होतं 'रद्द'.

मला एकदम लक्षात आलं. सरकारी खात्यात रद्द झालेला मसुदा कोणी फाडत नाही. त्यावर आडवी रेघ मारतात आणि फाइलीत मागे लावून ठेवतात. या माणसाने आयुष्यभर एक कागद फाडला नाही. जी रेकॉर्डिंग बिघडली, ती त्यांनी पुसलीच नव्हती. मागे लावून ठेवली होती.

त्यांनी पहिलं बटण दाबलं. "मुझे साँस लेने में..." आणि मग तोच आवाज, माझ्या घरातला, हलका, दमलेला: "अलका, तू रडू नकोस ना. तुझा आवाज येतोय यात."

आठवलं मला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, तोंडात पदर कोंबून. सात वर्षांत मला कोणी अलका म्हटलं नव्हतं. ऑफिसात मी मॅडम, मुलाची आई, कौशल्याची दीदी. अलकनंदाची अलका करणारा हा एकच माणूस होता.

तेवढ्यात फोन वाजला. सुधन्वा. या पोराला वेळ कळत नाही. मी झटकन कापला आणि यांना म्हटलं, "पुढचं, पुढचं लावा." यांनी लावलं. "अगं, कुकर बंद कर, शिट्ट्या येताहेत." पुढचं. "छे, हे काय नाटकातल्यासारखं बोलतोय मी." पुढचं. मी दुरून काहीतरी विचारतेय आणि हे म्हणताहेत, "दोनच पोळ्या कर, भूक नाही." पुढच्यात दोघं हसतोय, कशाला ते कळत नाही. अकरा ऐकली. साधी, घरातली, वाया गेलेली मराठी. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मी तोंडातून आवाज काढत नव्हते, या वेळी तरी रेकॉर्डिंग बिघडू नये म्हणून.

बाराव्याला यांनी बोट ठेवलं आणि टॅब काळा झाला.

मी डोळे पुसून फोन हातात घेतला. त्यावर लिहिलं होतं, रेकॉर्डिंग थांबवलं आहे. सुधन्वाचा फोन आला तेव्हाच ते थांबलं होतं. सव्वीस हिंदी वाक्यं आणि शेवटी "अलका, तू रडू नकोस ना. तुझा आवाज येतोय यात." त्यानंतर काही नाही. पुन्हा मी फोन कापला होता, आणि पुन्हा यांचाच आवाज गेला.

मी चार्जर आणायला धावले. म्हटलं, लागू दे आग, मला पाच मिनिटं द्या, पाचच. प्लग लावला, वायर टॅबला लावणार तर यांनी ती हातातून ओढून घेतली. मी त्यांच्याशी अक्षरशः झोंबले. साठीच्या माणसाशी, ज्याच्या गळ्याला भोक आहे त्याच्याशी. मग यांना खोकला आला, भोकातून शिट्टीसारखा आवाज आला, आणि मी वायर सोडली. यांनी टॅब बाल्कनीत नेऊन मातीच्या रिकाम्या कुंडीत ठेवला. मी फरशीवर बसून रडले, मोठ्याने, आता कोणाच्या रेकॉर्डिंगला धोका नव्हता.

रविवारी सुधन्वाने व्हिडिओ कॉल करून नवीन टॅब लावून दिला. बिचारा दहा वेळा सॉरी म्हणाला. मी त्याला काही बोलले नाही, त्याला काय माहीत. सव्वीस वाक्यं चढवली, सत्ताविसावंही चढवलं, सुरुवातीचे हिंदी शब्द कापून. मग म्हणाला, "बाबा, हे लाल बटण सगळ्यात महत्त्वाचं. दाबलं की आईला फोन जाईल, आणि यात भरलेला मेसेज वाजेल. मी लिहून ठेवलंय, 'मला श्वास घेता येत नाही, लवकर ये.' आवाज दुसऱ्या नंबरचा घेतलाय, चांगला आहे."

यांनी मान हलवली. बोटाने तो मेसेज काढला आणि तिथे सत्ताविसावं रेकॉर्डिंग टाकलं.

"अहो, हे काय मदतीचं वाक्य आहे?" मी म्हटलं.

त्यांनी पाटीवर लिहिलं आणि माझ्याकडे फिरवली. 'हा आवाज तू कापणार नाहीस.'

सुधन्वा म्हणाला, एकदा टेस्ट करा. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, त्याच दारात. फोन वाजला. "अलका, तू रडू नकोस ना. तुझा आवाज येतोय यात." मी ओरडून म्हटलं, "हो, येतोय," आणि ठेवला.

माझ्या फोनमधलं रेकॉर्डिंग मी त्याच दिवशी पुसून टाकलं. सुधन्वा म्हणतो, वेडी आहेस का, ठेवायचं ना, हवं तेव्हा ऐकायचं. पण मी स्वतःला ओळखते. दिवसातून वीस वेळा ऐकेन, कान सरावतील, आणि ज्या दिवशी खरंच वाजेल त्या दिवशी मीटिंगमध्ये बसून म्हणेन, मग करते. म्हणून ते फक्त त्या लाल बटणात आहे.

आता रोज दुपारी ऑफिसात यांचा फोन येतो. नवीन मशीन बोलतं, "मी जेवलो. औषध घेतलं. तू डबा खाल्लास का?" स्वच्छ मराठी, कोणत्याच गावची नाही अशी. मी म्हणते, "खाल्ला." फोन आता टेबलावर सुलटा असतो, मीटिंगमध्येसुद्धा. डायरेक्टरने एकदा पाहिलं, मी पण पाहिलं त्याच्याकडे. यांच्या आवाजातली मराठी जगात त्या लाल बटणाएवढीच उरली आहे, आणि ती मला कधी ऐकू येऊ नये म्हणून मी रोज सकाळी बस स्टॉपवर उभी राहून देवाला हात जोडते. काल चार वाजता, भलत्याच वेळी, फोन वाजला. उचलेपर्यंतच्या त्या एका क्षणात माझ्या मनात आलं, तोच आवाज असू दे. मग माझी मलाच लाज वाटली. बँकेचा फोन होता, कार्ड हवंय का विचारत होते.