चार बोटं वर

आमची बोट पाण्यातून ट्रेलरवर चढताना शेवटी वीतभर अडायची. अकरा वर्षं अडत होती. मी ट्रेलरच्या पुढच्या खांबावरच्या विंचचं, म्हणजे बोट ओढायच्या रहाटाचं, हँडल फिरवायचो, पट्टा गुंडाळला जायचा, बोट रोलरवरून कुरकुरत पुढे सरकायची आणि खांबावरच्या रबरी ठोकळ्याला टेकायला वीतभर राहिलं की घट्ट बसायची. मग ही, माझी बायको, पाण्यात उतरायची. बोटीच्या नाकाखाली खांदा लावून म्हणायची, "हं, फिरवा." नाक जरासं उचललं जायचं, मी दोन वेढे फिरवायचो आणि बोट ठोकळ्याला लागायची. ही बाहेर येऊन पाय झाडायची. "झाली बाई बाळंतीण मोकळी," असं दर वेळी म्हणायची, आणि मला दर वेळी हसू यायचं.

ही गेली त्याला सात महिने झाले.

मागच्या महिन्यात मी पहिल्यांदा एकटा गेलो. बोट नेहमीच्या जागी अडली. मी पाण्यात उतरून खांदा लावला. नाक उचललं गेलं, पण हँडल कोण फिरवणार? मी वर गेलो, हँडल फिरवलं, परत खाली आलो. असं आठ-नऊ वेळा झालं. मग शेवाळावरून पाय घसरला आणि मी कमरेएवढ्या पाण्यात बसलो. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका माणसाने मला हात दिला. त्याने माझ्याकडून नंबर घेऊन मुलीला फोन केला नसता तर गोष्ट तिथेच मिटली असती.

मुलगी तासाभरात आली. माझ्या गुडघ्याला बर्फ लावत म्हणाली, "बाबा, पाण्यात बसून काय करत होतात?"

"विचार."

"कसला?"

"उठायचं कसं, त्याचा."

ती हसली नाही. तिची आई हसली असती. "मी पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी येते," ती म्हणाली. "माझ्यासमोर एकट्याने बोट वर काढून दाखवा, पाण्यात पाऊल न टाकता. जमलं तर ठेवा. नाही जमलं तर बोट कोणाला तरी देऊन टाकायची. आणि मग तोंड पाडून बसायचं नाही."

मी बरं म्हणालो. तिचं बरोबरच होतं. पण बोट गेली असती तर मी कुठे गेलो असतो, हे तिला सांगता आलं नाही. घरात ही नाही, हे प्रत्येक खोलीत कळतं. पलंगाची एक बाजू, बेसिनजवळचा एकच ब्रश. पाण्यावर तसं होत नाही. इंजिन बंद करून बसलं की वाटतं, ही पाठमोरी बसली आहे आणि तिला बोलायचा कंटाळा आला आहे. एवढ्यासाठी मला बोट हवी होती.

ट्रेलर मागच्या शेडमध्ये होता. बोट त्यावर तशीच, वीतभर मागे, दोरीने बांधलेली. गुडघा वाकू लागल्यावर एका सकाळी मी तिथे गेलो. बाहेर धुकं होतं आणि शेडच्या दारातून थोडं आत आलं होतं. मी गोणपाट टाकून ट्रेलरखाली आडवा झालो. वर बोटीचं पोट होतं. बादलीतल्या पाण्याचा उजेड त्या पोटावर हलत होता. किती वेळ गेला कोण जाणे. डोळा लागला असावा, कारण मला पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता आणि कोणाचे तरी पाय जवळून चालत गेले. डोळे उघडले तर बादलीत नळ ठिबकत होता.

तिथून झोपल्या झोपल्या मला पट्टा दिसला. बोटीच्या नाकाखालच्या कडीपासून तो विंचकडे सरळ जात नव्हता, खाली उतरत होता. विंच बुटका पडत होता. म्हणजे मी हँडल फिरवलं की बोट पुढे कमी आणि खाली जास्त ओढली जायची. तिचं नाक पुढच्या रोलरवर दाबून बसायचं आणि मग हलायचं नाही. हा ट्रेलर आमच्या आधीच्या लहान बोटीसाठी घेतलेला. नवी बोट नाकाने उंच होती. बोट बदलली आणि खांब तसाच राहिला. अकरा वर्षं मी त्या विंचला तेल पाजलं, पट्टा बदलला, दातेरी चाकावरचा खटका बदलला, आणि वाकून खालून कधी बघितलं नाही.

मी उठून खांबावरून हात फिरवला. खांब म्हणजे एकात एक बसलेल्या दोन चौकोनी नळ्या, मध्ये एक आरपार बोल्ट. बोल्टच्या वर बाहेरच्या नळीवर बोटाला काहीतरी लागलं. बेंबीसारखा खळगा. त्याच्या वर दुसरा, त्याच्या वर तिसरा. पेचकसने खरवडलं. निळा रंग निघाला, त्याखाली करडा, त्याखाली पुन्हा निळा, मग पांढरा. मग पेचकस आत गेला.

खांब वर-खाली करायची भोकं होती ती. दर दोन वर्षांनी मी ट्रेलर रंगवायचो. आत पाणी शिरून गंज धरू नये म्हणून ब्रशने रंग दाबून दाबून भरायचो. माझ्याच हाताने बुजवली होती.

बोल्ट मात्र हलेना. मी नाक्यावरच्या वेल्डरला बोलावलं. तो ग्राइंडर घेऊन आला, बोल्टचं डोकं कापलं आणि उरलेला तुकडा ठोकून बाहेर काढला. मग आम्ही नळी वर ओढली. पहिल्या भोकाला पट्टा अजून तिरका होता, दुसऱ्याला कमी तिरका. तिसऱ्या भोकाला तो कडीच्या समोर सरळ आला. रबरी ठोकळाही कडीच्या बरोबर वर बसला. खांब सगळा मिळून चार बोटं वर गेला होता. नवा बोल्ट घालून त्याने नट आवळला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. आणखी काय, हार घालायचा?" तो पाने-हातोडी गोळा करायला लागला. मग म्हणाला, "एकदाचं केलंत काका. काकूंना मी तेव्हाच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

"हेच. फाटकाची बिजागरी लावायला आलो होतो. तुम्ही घरी नव्हता. काकूंनी इथे आणून खांब दाखवला. म्हणाल्या, हा उंच होतो का रे? म्हटलं, एक बोल्ट काढला की काम होतंय, आत्ता करून देतो."

"मग?"

"नको म्हणाल्या. ह्यांनी कालच रंग दिलाय, ओरखडा गेला तर आठवडाभर घुम्यासारखे बसतील. पुढच्या वेळी बघू म्हणाल्या." तो हसला. मग माझं तोंड बघून थांबला. "आठ-नऊ वर्षं झाली त्याला. मला वाटलं, त्यांनी सांगितलं असेल."

तो गेल्यावर मी उपड्या बादलीवर बसलो. पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी ती विसरली असेल. किंवा तोवर मी पुन्हा रंग दिला असेल. हिवाळ्यात पाणी बर्फासारखं असायचं. घरी आल्यावर ही मोरीत गरम पाण्याखाली पाय धरून उभी राहायची आणि आतून ओरडून विचारायची, "चहा टाकताय ना?" मी टाकायचो. तेवढं मात्र मी करायचो. धुकं शेडमध्ये होतं की माझ्या डोळ्यांत, मला कळत नव्हतं. मला तिच्यावर राग येत होता आणि तो राग ठेवायला जागा सापडत नव्हती.

रविवारीही धुकं होतं. बोट पाण्यात सोडायच्या उतारावर आम्ही दोघंच. मुलगी कोटाच्या खिशात हात घालून परीक्षा घ्यायला आलेल्या बाईसारखी उभी राहिली. मी बोट पाण्यात सोडली, एक लहान फेरी मारली. किनारा गेला, मुलगी गेली, थोडा वेळ सगळं पांढरं होतं. मग परत आलो. बोट ट्रेलरवर घातली, नाकावर ओणवा होऊन कडीत हुक अडकवला आणि तिथूनच ट्रेलरच्या दांडीवर उतरलो. पाय कोरडे. हँडल धरलं. खटका एकेका दातावरून टक टक करत गेला. बोट आली. जिथे अडायची तिथे मी आपोआप थांबलो आणि पाण्याकडे बघितलं. मग पुन्हा फिरवलं. ती ठोकळ्याला येऊन टेकली, कपाटाचं दार लागावं तेवढा आवाज झाला.

"एवढंच?" मुलगी म्हणाली.

"एवढंच."

ती जवळ आली. पट्टा ओढून बघितला, बोल्ट बघितला. "मग आई का उतरायची पाण्यात?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. रात्रभर मी काहीबाही उत्तरं जुळवली होती. तिच्या तोंडाकडे बघून ती सगळी सोडून दिली.

"माझ्यामुळे," मी म्हणालो. "भोकं होतीच. मी रंगवून बुजवली. तिला ते माहीत होतं. रंग खराब होईल म्हणून बोलली नाही."

मुलगी खांबाकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. "माझ्या सायकलची घंटासुद्धा तुम्ही अशीच रंगवून बंद पाडली होती," ती म्हणाली. "मी आईकडे तक्रार केली तर म्हणाली, राहू दे गं, तोंडाने वाजव." आणि मग ती खरोखर रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या हाताला ग्रीस होतं. कोटाला लागलं. 

नाक पुसून झाल्यावर म्हणाली, "बोट ठेवा. पण पाण्यात जाताना फोन, आल्यावर फोन."

"बरं."

"बसा आत."

"कशाला?"

"मला फिरवून बघायचंय. बसा हो."

मी बोटीत बसलो. तिने खटका काढून पट्टा सैल सोडला आणि बोट मागे पाण्यात गेली. मी आजवर बोटीत बसून कधी वर आलो नव्हतो, नेहमी हँडलपाशी असायचो. पट्टा धुक्यात शिरला होता आणि दुसऱ्या टोकाला कोण आहे ते दिसत नव्हतं. टक, टक, टक. दर आवाजाला पाणी जरासं मागे राहायचं. बोट जड झाली, रोलरवर आली, तरी मला वाटत होतं की मी तिथेच आहे आणि जमीनच हळूहळू माझ्याकडे येते आहे. ठोकळा कधी लागला ते कळलं नाही.

"उतरा आता," मुलगी म्हणाली.

"बसतो जरा."

तिने गाडीतून थर्मास आणून एक कप माझ्याकडे वर दिला आणि दुसरा घेऊन ती ट्रेलरच्या दांडीवर पाठमोरी बसली.