मूठ कुणाच्या घरावर

अप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी मंगळवार होता, आणि तुला विमान धड चालवता येत नाही असं त्यांनी मला नाश्त्यालाच सुनावलं होतं.

"काल काय जिलेबी पाडत होतीस?" मोबाइल माझ्या ताटलीशेजारी ठेवत ते म्हणाले. "हे बघ. अकरा वेळा तेच ते. सुम्ने, उगीच गोल गोल."

म्हैसूरच्या विमानतळावर मी शिकाऊ मुलांना विमान चालवायला शिकवते. विमान कुठून कुठे गेलं त्याची रेघ नकाशावर दाखवणारं ॲप मिळतं. ते अप्पांच्या हाती लागल्यापासून माझ्या कामावर रोज संध्याकाळी देखरेख सुरू झाली होती.

"उतरायला शिकवायचं तर पुन्हा पुन्हा उतरावंच लागतं, अप्पा."

"मग एकदा काहीतरी बघण्यासारखं काढ की. कुठल्याशा देशात म्हणे एका वैमानिकानं आभाळात भला मोठा कप काढला. खेळाडूंसाठी नाही, प्रेक्षकांसाठी! इथे खेळाडूंच्या नावानं रस्ते, खेळाडूंचे पुतळे. आणि चाळीस वर्षं सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून आमची जी बुडं भाजली, त्यांच्या नावानं एक मुतारी तरी आहे का?"

त्या पायऱ्या म्हणजे विद्यापीठाच्या क्रिकेट मैदानाच्या. वर छप्पर नाही. कसलाही सामना असो, कॉलेजच्या पोरांचा असला तरी, तिघे जण तिथे हजर असत: अप्पा, म्हणजे माझे वडील गुरुराव, गंगाधरराव आणि तिरुमलकाका. तिघेही आमच्या रंगारी समाजातले, शाळेपासूनचे दोस्त. पण गेली अठ्ठावीस वर्षं अप्पा आणि तिरुमलकाका एकमेकांशी थेट बोलले नव्हते. मधे गंगाधरराव बसत आणि टपाल खात्यासारखे निरोप इकडून तिकडे करत.

भांडण छत्रीचं होतं. अप्पांची छत्री मोठी, काळी, वेताच्या वळणदार मुठीची होती. आतल्या बाजूनं त्यांनी आजोबांच्या जुन्या लाकडी ठशानं पांढऱ्या पोपटांची रांग छापली होती. बाहेरच्यांना ती नुसती काळी छत्री दिसे. पोपट दिसत ते फक्त खाली बसणाऱ्याला. मी नऊ वर्षांची असताना ती एका सोमवारी नाहीशी झाली. आदल्या दिवशी मैदानावर अप्पांच्या शेजारी तिरुमलकाका होते, आणि मागून नेलेलं परत करायची त्यांना सवय नव्हती. चोर ठरायला तेवढं पुरलं. अप्पांनी दुसरी छत्री घेतली नाही. "चोरीची परत येईपर्यंत नाही," म्हणाले, आणि त्यानंतर प्रत्येक सामना डोक्यावर ओला पंचा टाकून पाहिला. मान भाजायची ती भाजायचीच.

मी त्यांच्या मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसत असे. लहानपणी बसायचे तशीच मोठेपणी, सुट्टी असेल तेव्हा. चहापानाला अप्पा घसा खाकरत. "गंगाधरा, त्या कळ्ळाला सांग, अजून वेळ गेलेली नाही. चोरानं कबूल केलं तर शिक्षा माफ."

गंगाधरराव डावीकडे वळत. "तिरुमला, तुला कळ्ळ म्हणतोय."

"त्याला म्हणावं, पंचा पिळून घे. पाणी माझ्या वड्यावर पडतंय."

मग तिघेही अगदी समाधानानं चहा पीत.

त्या मंगळवारी अप्पांनी कपाटातून एक जुनी लग्नपत्रिका काढली आणि तिच्या कोऱ्या पाठीवर, पेन्सिल न उचलता, एका रेघेत छत्री काढली. "मधेच विमान उचलता येत नाही, अल्वा, हो ना? म्हणून एकच रेघ. ही आम्हा पायरीवाल्यांना मानवंदना. आणि हा मुठीच्या टोकाला ठिपका, हे चोराचं घर. साऱ्या गावाला दिसू दे."

"अप्पा, तिरुमलकाका पंच्याहत्तरीला आले."

"चोराला काय निवृत्ती असते? आणि हे बघ ईश्वरी, कागदावर आहे तसंच उडायचं. सुधारणा करायची नाही. शाळेपासून खोड आहे तुला ती."

ते माझ्याकडे बघत होते. माझ्या घशाशी एक वाक्य अठ्ठावीस वर्षं होतं, तेव्हाही होतं. मी म्हणाले, "उप्पीट गार होतंय." कागद न बघताच बॅगेत टाकला आणि कामाला गेले.

बुधवारी सकाळी ते खुर्चीतच गेले. मांडीवर पेपर होता, खेळाचं पान वर. चहा अर्धा झालेला.

टी. नरसीपूरला संगमावर अस्थी सोडल्या तेव्हा दोघेही मित्र आले. पाण्याच्या कडेला तिरुमलकाका अस्थिकलशापासून एक माणूस मावेल एवढी जागा सोडून उभे राहिले आणि गंगाधरराव सवयीनं त्या जागेत जाऊन उभे राहिले. निरोप काहीच नव्हता. तरी गंगाधररावांनी एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे बघून घेतलं.

छत्रीचं खरं काय ते इथेच सांगते. अग्रहारातल्या आमच्या घराच्या मागे रंगवलेलं कापड धुण्यासाठी पूर्वजांनी खणलेली विहीर होती. शेजारी बांधकामासाठी वाळूचा ढीग आला होता. त्या सोमवारी दुपारी मी छत्री उघडली आणि न्हाणीघराच्या छपरावरून त्या वाळूवर उडी टाकली. क्षणभर, शपथेवर सांगते, मी तरंगले. मग छत्री उलटली, पोपट बाहेर आले आणि मी खाली. घोटा मुरगळला. तीन काड्या मोडल्या. मी छत्री विहिरीत टाकली आणि शेवाळावरून पाय घसरला असं घरात सांगितलं. संध्याकाळी अप्पा तिरुमलकाकांच्या नावानं ओरडत होते, आणि त्याच वेळी माझ्या घोट्याला हळद लावत होते. त्या हळदीमुळेच मला बोलता आलं नाही. पुढे एक वर्ष गेलं, मग दहा गेली. मग ती गोष्ट माझी राहिलीच नाही, त्या दोघांची झाली.

तेराव्यानंतर मी ती पत्रिका शहराच्या नकाशावर ठेवली. छत्रीची दांडी दोन वस्त्यांच्या मधून खाली उतरत होती. तिथून मूठ डावीकडे वळली तर सरस्वतीपुरम, म्हणजे तिरुमलकाकांचं घर. उजवीकडे वळली तर अग्रहार. अप्पांची मूठ उजवीकडे वळली होती. ठिपका बरोबर आमच्या घरावर होता.

अप्पा गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले. अप्पांचा सगळा जन्म एका छापखान्यात ठसे कोरण्यात गेला होता. ठसा उलटा कोरायचा, म्हणजे कागदावर सुलटा उमटतो. हात इतका बसलेला की माझ्या एका वाढदिवसाला त्यांनी दारातली रांगोळीसुद्धा उलट्या अक्षरांत घातली होती आणि आई आरसा घेऊन बाहेर आली होती. म्हणजे इथेही हातानं घात केला होता. दुरुस्ती सोपी होती. कागद उलटा धरायचा आणि मूठ सरस्वतीपुरमला न्यायची. त्यांची शेवटची इच्छा होती ती, तोंडानं सांगितलेली.

पण कागदावर आहे तसंच उडायचं, हेही त्यांनीच सांगितलं होतं. मी कागद उलटला नाही. मोठ्यांचा शब्द मोडू नये असं कारण स्वतःला दिलं. खरं कारण विहिरीत होतं.

परवानगीच्या अर्जात हेतूच्या रकान्यात मी 'क्रीडाप्रेक्षकांना मानवंदना' असं लिहिलं. आमच्या मुख्य प्रशिक्षकांनी तो कागद दोनदा वाचला.

"आकार कोणता?"

"छत्री."

"जानेवारीत पाऊस कुठे आहे?"

"ऊन आहे, सर."

त्यांनी सही केली. राजवाड्याच्या डोक्यावरून नको, एवढंच म्हणाले.

रविवार निवडला, कारण मैदानावर सामना होता. गंगाधररावांना फोन करून मोबाइलवर कुठे बघायचं ते सांगून ठेवलं. सकाळी आठला एकटीच निघाले. पूर्वेचा वारा होता, त्यामुळे छत्रीची एक बाजू जरा बसली. दांडी मात्र सरळ आली. मग उजवीकडे वळले, वळण धरून ठेवलं, आणि खाली आमची गच्ची दिसली. तिच्यावर अप्पांचा पंचा दोरीवर अजून तसाच होता. मीच काढला नव्हता. मी तिथे रेघ संपवली आणि परत फिरले.

चहापानाच्या आत मी मैदानावर पोचले. गंगाधरराव आणि तिरुमलकाका आपापल्या जागी होते. गंगाधररावांच्या उजवीकडची जागा रिकामी होती. मोबाइल गंगाधररावांच्या हातात, चष्मा कपाळावर.

"ये, मरी, ये बाळा," तिरुमलकाका म्हणाले. "छान काढलीस. माझी नात नव्या म्हणते अळंबी आहे."

"वारा होता, काका."

"पण हे काय?" गंगाधरराव मोबाइल नाकाजवळ नेत म्हणाले. "मूठ तुमच्याच घरावर गेली की! गुरुराव तर मला सांगत होता, सरस्वतीपुरमला नेणार म्हणून."

"अप्पांनी सवयीनं उलटं काढलं," मी म्हणाले. "ठशासारखं. त्या रांगोळीसारखं."

तिरुमलकाकांनी मोबाइल घेतला. बराच वेळ बघितलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते, आवाज न करता.

"गुरु चुकून उलटं काढेल? रांगोळी तर त्यानं तुझ्या आईला हसवायला मुद्दाम तशी काढली होती. अगं, छापायचं असेल ते तो उलटं काढी. बघायचं असेल ते सुलटं. एवढा फरक त्याला झोपेतही कळत होता." त्यांनी डोळे पुसले. "बारा वर्षांपूर्वी तुमची विहीर बुजवायच्या आधी गाळ काढला, आठवतं? नाही, तू तेव्हा विमान शिकायला परगावी होतीस. त्या संध्याकाळी तुझा बाप माझ्या दारात आला. सोळा वर्षांनी पहिल्यांदा. हातात छत्रीच्या काड्या आणि मूठ. म्हणाला, सापडली, तिरुमला, चुकलो. मी विचारलं, कुणी टाकली? म्हणाला, नाव सांगणार नाही, ज्याचं त्यानं सांगावं. मी म्हटलं, बरं, आय्तु, मिटलं. तर म्हणतो कसा, मिटलं कसं? रविवारी चहापानाला मग करायचं काय?"

"म्हणजे?" गंगाधरराव उभेच राहिले. "म्हणजे बारा वर्षं तुमचं भांडण नव्हतंच? आणि मी मधे बसून टपाल वाहत होतो? फुकट?"

"वडा खायला मिळत होता ना?"

"कळ्ळहो! दोघेही कळ्ळ!"

"बस रे, मागच्यांना दिसत नाही," तिरुमलकाका म्हणाले. मागे कुणीच नव्हतं. मागची पायरी माझी होती. ते माझ्याकडे वळले, आता हसत नव्हते. "बारा वर्षं मी त्याला नाव विचारत होतो. आज पत्ता धाडला बघ."

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"आणि तो दर सामन्याला ओरडायचा ना, अजून वेळ गेलेली नाही म्हणून? मला वाटायचं, सुम्ने नाटक चाललंय, माझ्यासाठी." त्यांनी मोबाइल गंगाधररावांना परत दिला. "पण माझ्याकडे तोंड करून तो कधीच ओरडला नाही. मान मागे करायचा. मला वाटायचं, पंचा सावरतोय."

मैदानावर पंच बाहेर आले होते. कुणीतरी सीमारेषेजवळ चेंडू घासत होतं. गंगाधरराव पुटपुटत बसले, पण अप्पांच्या जागेवर सरकले नाहीत. ती त्यांनी तशीच ठेवली. त्या सिमेंटवर ऊन होतं.

मी पुस्तक बॅगेत ठेवलं. मागची पायरी उतरून त्या रिकाम्या जागेच्या शेजारी बसले. घसा खाकरावा लागला.

"अप्पा," मी म्हणाले, दोघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "छत्री मी नेली होती. उडायला."