पुढची जागा

जीपच्या पुढच्या दाराला ड्रायव्हर महिपतीनं हात आडवा लावला.

"लेकरू घेऊन पुढं न्हाय. मागं बसा."

धर्मपाल थबकला. सोलापुरात गिरणीत नोकरी, शुक्रवार पेठेत भाड्याची खोली; बायको पारूबाईला आणि तीन महिन्यांच्या लेकीला माहेराहून पहिल्यांदा घरी न्यायला तो मोहोळला आला होता. अंगात इस्त्रीचा सदरा, बाळाला नवं झबलं. पहिलटकरीण बाळ घेऊन सासरी निघाली की तिला पुढं, ड्रायव्हरशेजारी बसवायचं, ही इकडची रीतच होती. मानाची जागा ती! आणि हा म्हणतो, मागं बसा.

"जागा तर रिकामी हाय की."

"आसू दे."

"आमाला बगून न्हाय म्हणता व्हय?" धर्मपालचा आवाज चढला. "गावात मागं बसलो, शाळंत मागं बसलो. आता भाडं भरूनबी मागंच?"

महिपतीचा चेहरा उतरला. खरं कारण त्यानं सहा वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. लोक त्याला तिरसट म्हणत, शिव्या घालून दुसऱ्या गाडीत बसत. म्हणेनात का! दिवसभर गाडीत माणसं असत, पण घरी दोन शब्द बोलायला कुणी नव्हतं, त्याचीही सवय झालेली. आज मात्र पलीकडचा ड्रायव्हर धर्मपालला हातानं बोलावत होता, आणि त्या गाडीचीही पुढची जागा रिकामीच होती; हे लेकरू तिथं पुढंच बसणार होतं.

"जातीचं न्हाय वो, पावणं," तो घाईनं म्हणाला. "माजी पोरगी अशीच पुढं बसलेली, आईच्या मांडीवर. पैल्यांदा घरी येत व्हती. बायको म्हणत व्हती, मी आपली मागं बसते. तिचं ऐकलं न्हाय कुणी. मानाची जागा न्हवं का? वढ्यापाशी बैल आडवा आला. करकचून ब्रेक लागला, आन लेकरू आईच्या हातातनं सुटलं. समोरच्या पत्र्यावर…"

धर्मपालनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मंग हे आदी सांगायचं की," तो हळू म्हणाला. "मागं बसा म्हणणारं लई भेटलं आमाला. कारण कुणी सांगत न्हाय."

पारूबाई मागं चढली. महिपतीनं तिला आतल्या कोपऱ्यात पाठ टेकून बसायला लावलं, बाळाला पदरानं पोटाशी आवळून घ्यायला सांगितलं. धर्मपालही तिच्याशेजारी जाऊन बसला.

गाडी निघाली. मोहोळ मागं पडलं. मग मागून पारूबाईनं विचारलं,

"दादा, वैनी कुटं असत्यात?"

"म्हायेरी. तवापासनं तितंच."

पारूबाईनं बाळाला आणखी जवळ घेतलं.

"माय सांगत असताना ज्यानं ऐकलं न्हाय, त्या ड्रायव्हराचं कदी भलं व्हणार न्हाय बगा."

महिपतीनं स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडं एकदा बघितलं.

"न्हाईच झालं, ताई," तो म्हणाला.