तारोडीच्या वाटेवरची दोघांची सायकल

मित्रांनो, मला पाहिलं की लहान मुलं आधी हसतात आणि मग विचारतात, हिला दोन हँडल का? मी एक जुनी सायकल आहे, दोघांनी मिळून चालवायची. मीरा रोडला बेव्हर्ली पार्कमधल्या एका इमारतीखाली, पाण्याच्या पंपाच्या खोलीला टेकून मी उभी असते. मी कारखान्यात तयार झाले नाही. मोरवा गावच्या दाजींनी मला त्यांच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात घडवलं, आणि त्यामागे एका बाईचा हट्ट होता.

त्या बाईंचं नाव उर्मिला. त्यांचे यजमान शशिकांत टेलिफोन खात्यात नोकरीला होते. लालबागची खोली सोडून हे कुटुंब इकडे आलं, तेव्हा शशिकांतरावांचं मन काही रमेना. मग एका रविवारी ते सायकल घेऊन पश्चिमेला निघाले आणि त्यांना उत्तनकडे जाणारा रस्ता सापडला. भाईंदरची गर्दी मागे पडली की मुर्धा, राई, मोरवा अशी जुनी गावं लागतात. मग मिठागरं, मग तिवरांची झाडी, आणि पुढे डोंगरीचा चढ. दर रविवारी ते जायचे आणि हसत घरी यायचे.

पुढे काचबिंदूने त्यांची नजर नेली. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचंही. ते घराबाहेर पडेनात. गॅलरीत बसून राहायचे आणि विचारलं तेवढंच बोलायचे.

उर्मिलाताईंचं माहेर रोह्याचं. शाळेत असताना त्या सायकल चालवायच्या, पण त्याला जमाना लोटला होता. एक दिवस त्यांनी यजमानांची सायकल आणि लेकीची, निशिगंधाची, कॉलेजातली सायकल अशा दोन्ही टेम्पोत घातल्या आणि थेट दाजींचं दुकान गाठलं. दाजी म्हणाले, मागे मोठं कॅरिअर लावून देतो, साहेब आरामात बसतील.

"नाही दाजी," बाई म्हणाल्या. "मी त्यांना सामानासारखं नेणार नाही. त्यांनाही पायडल पाहिजे."

दाजींनी दोन्ही सायकली कापल्या आणि वेल्डिंग करून त्यांची एक केली. पुढचं हँडल वळायचं, मागचं नुसतं धरायला. पायडलं मात्र अशी जोडली की एकाने पाय थांबवला तर दुसऱ्याला लगेच कळावं. रंग हिरवा दिला, कारण डब्यात तोच शिल्लक होता.

सुरुवातीला आम्ही खूप पडलो. मैदानात पडलो, गटाराशी पडलो. शशिकांतरावांचं ढोपर फुटलं तेव्हा पोरं हसली, आणि त्यांच्याबरोबर शशिकांतरावही हसले. किती दिवसांनी हसलात, असं उर्मिलाताई म्हणाल्या आणि धुळीत तशाच बसून राहिल्या.

मग आमचे रविवार सुरू झाले. उर्मिलाताई चालवता चालवता सगळं सांगायच्या. डाव्या हाताला मिठाचे ढीग आहेत, त्यावर बगळा बसलाय. या कौलारू घरापुढे क्रूस आहे, आज त्याला झेंडूचा हार घातलाय. आता चढ आहे हं, जोर लावा. मागून शशिकांतराव मधूनच त्यांची चूक काढायचे, की इथे विहीर असायला हवी, आणि खरोखरच पुढच्या वळणावर विहीर यायची. तिकडच्याच जुन्या धारावी किल्ल्याचे उरलेले दगड त्यांनी हात लावून पाहिले. जुन्या चर्चच्या भिंतीपाशी ते कितीतरी वेळ तळहात टेकून उभे होते. दगड अजून थंड आहेत, एवढंच म्हणाले.

आमचा शेवटचा थांबा तारोडी गाव. तिथे शेवंती नावाची एक बाई ओट्यावर भाजी आणि सुकी मासळी विकायला बसायची. पहिल्या दिवशी तिने आम्हाला पाहून तोंडाला पदर लावून हसू दाबलं होतं. नंतर मात्र रविवारी तिची नजर रस्त्याकडेच असायची. ती चहा करायची, आणि मग उर्मिलाताई आणि ती बोलत बसायच्या. लेकीसुना, गुडघेदुखी, बोंबील कसे भाजायचे. शेवंतीला बोलायला कोणी नव्हतं, मुलगा बोटीवर असायचा. शशिकांतराव मला टेकून ऐकत बसायचे. सोसायटीत महिला दिनाला आमचा सत्कार झाला, लोकांनी फोटो काढले. पण त्या ओट्यापाशी थांबण्यात जे सुख होतं, ते त्या हारात नव्हतं.

एका रविवारी डोंगरीच्या चढावर पुढचं पायडल मंदावलं. मला कळलं. शशिकांतरावांनाही कळलं. त्यांनी आपला जोर वाढवला. पुढच्या रविवारी तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. मग दवाखाने सुरू झाले. रक्ताचा आजार निघाला. पावसाळा सरायच्या आत उर्मिलाताई गेल्या.

माझ्यावर धूळ बसली. त्याच इमारतीत यतीन नावाचा तरुण राहतो. त्याची स्वतःची महागडी सायकल आहे. त्याने आपणहून शशिकांतरावांना विचारलं, काका, मी पुढे बसतो, येताय का? ते तयार झाले.

यतीन फार चांगलं चालवतो. एकही खड्डा लागू दिला नाही. पण तो बोलत नाही. मिठागरांपाशी वारा अंगावर आला तेव्हा शशिकांतरावांनी विचारलं, "काय दिसतंय रे?"

"रस्ता मोकळा आहे काका. ट्रॅफिक नाहीये," यतीन म्हणाला.

शशिकांतरावांनी तोंड वाऱ्याकडे फिरवलं.

तारोडीला शेवंती ओट्यावरून उठून पुढे आली. तिने यतीनकडे पाहिलं आणि विचारलं, "आज बाय कुठं हाय?"

शशिकांतरावांनी मागचं हँडल घट्ट धरलं. "तिला जरा बरं नाही," ते म्हणाले.

यतीन चमकला. शेवंतीने शेवग्याच्या शेंगा बांधून दिल्या, बायला दे म्हणाली. परत येताना डोंगरीच्या उतारावर मागच्या पायडलांवरचे पाय निर्जीव झाले, नुसते फिरत राहिले. यतीनने मागे वळून पाहिलं नाही, ते बरं केलं.

ते दोघं पुन्हा गेले. मग पुन्हा. दर वेळी शेवंती विचारायची, दर वेळी शशिकांतराव सांगायचे, आता थोडं बरं आहे, आता जेवण जातंय. परतताना, बायकोची खुशाली सांगून निघालेला माणूस जसा बसतो, तसे ते माझ्यावर ताठ बसलेले असायचे.

एका संध्याकाळी शशिकांतराव खाली माझ्याजवळ उभे राहून फडक्याने मला पुसत होते. वॉचमन एका बाईला घेऊन आला. शेवंती होती. बसने भाईंदरला आणि तिथून मीरा रोडला येऊन, दोघांच्या सायकलवाल्या काकांचा पत्ता विचारत विचारत ती पोचली होती. हातात डबा होता.

"बाय वर हाय ना?" तिने विचारलं. "बोई मासळीचं पातळ कालवण आनलंय. अंगात जोर येईल तिच्या."

शशिकांतरावांनी फडकं माझ्या हँडलवर ठेवलं.

"शेवंती, ती श्रावणातच गेली."

शेवंती पायरीवर बसली. मग म्हणाली, "मंग मला का न्हाय सांगितलंस, भाऊ?"

"सगळीकडे ती गेलेली आहे," ते म्हणाले. "घरात, बँकेत, नातेवाइकांत. तुझ्या ओट्यावर ती नुसती आजारी होती. तेवढी एक जागा मला राहू द्यायची होती."

"आनि मी रोज तिच्यासाठी देवाला सांगत होते. त्याचं काय?"

ते माझ्या पुढच्या सीटवर डोकं टेकून रडू लागले. उर्मिलाताई गेल्यापासून त्यांना असं रडताना मी पाहिलं नव्हतं. शेवंतीही रडली, पण त्यांच्याकडे पाठ करून. निघताना तिने डबा त्यांच्या हातात ठेवला आणि एवढंच म्हणाली, "आता तू खा."

त्यानंतर तारोडीला जायचं धाडस त्यांना झालं नाही. निशिगंधा त्यांना नाशिकला घेऊन गेली. जाताना त्यांनी मला नुसता हात लावला. यतीन एकटा तिकडे जातो. तो खाली कोणाला तरी सांगत होता, की शेवंती रविवारी रस्त्याकडे पाठ करून बसते.

मित्रांनो, तुमच्या इमारतीखाली माझ्यासारखी एखादी सायकल गंजत असेल, तर तिला पुसा, चेनला थोडं तेल घाला, आणि ती कोणाची होती ते विचारा. आणि तुमच्या घरातलं एखादं माणूस गेलं, तर त्याची वाट पाहणारं कोणी दुसऱ्या गावात, एखाद्या ओट्यावर बसलेलं असेल. त्याला शोधा आणि वेळेवर जाऊन सांगा. उशिरा कळलेलं दुःख फार एकटं असतं हो. सगळे रडून उठलेले असतात, आणि त्या माणसाला तेव्हा कुठे रडायला बसायचं असतं.