विद्यापीठाची सोयरीक

राजेगावच्या रुख्माबाईंनी अख्ख्या गोतावळ्याच्या सोयरिकी जुळवल्या होत्या. त्यांनी नाक मुरडलेल्या घरात मुलगी द्यायची कुणाची छाती नव्हती. त्यांची पद्धत साधी. घरच्यांना काही विचारायचं नाही, ते गोडच बोलणार. विचारायचं त्या घरात आधीपासून नांदणाऱ्या सुनेला. म्हणूनच त्यांच्या भावाने, प्रेमलालने, त्यांना सकाळीच बालाघाटला बोलावून घेतलं. त्याच्या मुलीला, रचनाला, भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. दूरच्या एका बड्या विद्यापीठात जागा मिळाली होती आणि नागपूरच्या एका कॉलेजातही. कुठली घ्यायची, ते संध्याकाळपर्यंत मोबाइलवर कळवायचं होतं.

“बाई, मले तं काही समजूनच नाही राह्यलं,” प्रेमलाल म्हणाला.

“नाव कसं हाये?”

“देशात पहिल्या पाचात.”

“मंग घोर कायचा?”

“जो तो चांगलंच म्हन्ते. पन शेजारचा पवन तिथं वकिली शिकला, अन् शाळेतल्या मास्तरनं तं नुस्तं टीव्हीवर पाह्यलं. दगडाचं कोनीच सांगत नाही. नागपूरची एक पोरगी म्हने, आमचे सर खानीत घेऊन जाते, समजावून सांगते. पन त्या कॉलेजचं नाव गोंदियापुढं कोनाले माहीत हाये?”

रुख्माबाईंनी पदर खोचला. “तिथं दगडवाली सून हाये काय कोनी?”

होती. लालबर्ऱ्याची आनंदी त्या बड्या विद्यापीठात भूगर्भशास्त्राच्याच तिसऱ्या वर्षाला होती. रचनाने तिला फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला.

“हौ मावशी, पूछो ना,” आनंदी म्हणाली.

“शिकवते कोन?”

“एक मोठे सर होते, त्यांच्यानंच आमच्या विभागाचं नाव झालं. ते रिटायर झाले. त्यांच्या जागेवर कोनी आलंच नाही. बाहेरून येते कोनी, कधी येत बी नाही.”

झालं, नापास! रुख्माबाईंनी भावाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. “म्हंजे खराब हाये म्हन.”

“नाही नाही, खराब कशी? लायब्ररी एवढी मोठी! देशभरातले पोरं. मी तं तिथंच चार लोकांत बोलाले शिकली. अन् नौकरीवाले नाव पाहूनच बोलावते.”

रुख्माबाई चक्रावल्या. घरात कर्ता माणूस नाही म्हणून रडायचं आणि त्याच दमात घराचे गोडवे गायचे, अशी सून त्यांना आजवर भेटली नव्हती. मग त्यांनी आपला हुकमी प्रश्न टाकला. “तुले लहान बहीण असती, तं तिथंच दिली असती काय?”



“दिली असती, मावशी. वकिलीले. दगडं शिकाले नसती दिली.”

फोन ठेवल्यावर प्रेमलाल म्हणाला, “म्हंजे हौ का नाही?”

“मले काय मालूम!” रुख्माबाई खेकसल्या. आपल्याला कळत नाही, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कबूल करावं लागत होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. त्या लाजेचा राग त्यांनी भाचीवर काढला. “तुले दगडंच काहून पाह्यजे व? वकिली शिक ना तिथं!”

मुलीला विचारायचं, ते त्यांच्या रिवाजात सगळं ठरल्यावर. आजही रचनाला सगळ्यांत शेवटीच विचारलं होतं, हे बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

“उकव्याचा मामा जलमभर खानीत मँगनीज खोदून राह्यला,” रचना म्हणाली. “मी त्याले इचारलं, हे इथंच काहून निंगते? तो म्हने, देवाले मालूम. आत्या, कोन्या तरी सरनं मले समोर बसून हे सांगावं. बस, एवढंच.”

रुख्माबाईंचा आवाज खाली आला. “तिथं सांगनारा नाही, माय.”

“हौ. मले बी तेच दिसून राह्यलं.”

तिने बापाकडे पाहिलं. प्रेमलालने मान हलवली. ती हो म्हणून की हताशपणे, ते त्यालाही सांगता आलं नसतं. रचनाने नागपूरवर बोट दाबलं, मोबाइल पालथा ठेवला आणि हुंदके देऊन रडायला लागली.

“आता काहून रडून राह्यली? तुह्या मनासारखं तं झालं!”

“मले ते नाव बी पाह्यजे होतं, आत्या.”

रडणाऱ्या कितीतरी नववधूंना रुख्माबाईंनी समजावून सासरी धाडलं होतं. या पोरीला त्यांनी नुसतं जवळ ओढलं. आपण हिचं भलं केलं की वाटोळं, हे त्यांना अजूनही कळत नव्हतं.