सात नंबरची घंटा

मी एक जुना टेलिफोन बोर्ड आहे. इस्पितळाच्या जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या सोबतीला माझी रवानगी झाली, त्याला बरीच वर्षं झाली. माझ्या छातीवर चाळीस भोकं आहेत. ज्या नंबरच्या भोकात वायर खोचावी, त्या खोलीतली घंटा वाजे.

मित्रांनो, माझं भाग्य थोर म्हणून मला ऑपरेटरताई लाभल्या. आल्या तेव्हा त्यांची नुसती तारांबळ उडे. ऐकायला लागल्या की हात थांबत, हात चालले की समोरचा काय म्हणाला ते निसटे. पहिला महिना तर घरी जाताना डोळे पुसत. पण चिकाटी दांडगी. वर्षभरात सारं अंगवळणी पडलं. एका हाताने वायर खोचायची, दुसऱ्याने निरोप लिहायचा, वर नर्सबाईंना विचारायचं, "सासूबाईंचा गुडघा काय म्हणतोय?" मोठे डॉक्टर म्हणत, "आमच्या ताईंना चार हात आहेत." मलाही मिरवावंसं वाटे.

मग रुग्णवाहिकेच्या गाडीवाल्यांची खोली बदलली. त्यांचा नंबर सातचा एकोणीस झाला. ताईंनी तशी चिठ्ठीही माझ्यावर चिकटवली. तिसऱ्याच दिवशी दुपारी एका बापाचा फोन आला. त्याच्या लेकीला तापात झटके येत होते. ताई त्याला धीर देत पत्ता लिहून घेत होत्या. हाताने सवयीने वायर खोचली, ती सातमध्ये. रिकाम्या खोलीत घंटा वाजत राहिली. तेवढ्यात आणखी दोन फोन आले, तेही ताईंनी घेतले. मला सारं कळत होतं, पण वाचा नव्हती. चूक त्यांच्या ध्यानात आली ती चार मिनिटांनी. मग वायर एकोणीसमध्ये लागली आणि गाडी निघाली.

मुलगी वाचली. आठवड्याने तिला कडेवर घेऊन बाप आभार मानायला आला.

"आभार नका मानू," ताई म्हणाल्या. "चार मिनिटं माझ्यामुळे गेली. नवा नंबर मला माहीत होता, हाताला माहीत नव्हता."

मुलगी माझ्या वायरी ओढू लागली, तेव्हा बापाने तिचा हात धरला.

"मग आता?"

"काम संपलं की बसते. एकोणीसमध्ये रोज शंभरदा वायर लावते. हाताला सवय होईतोवर बोलणं थांबवून, बघून लावते."

त्याने मान हलवली आणि तो गेला.

मित्रांनो, सराव जरूर करा. सरावाने हात शहाणे होतात आणि मन मोकळं राहतं. पण काही बदललं, तर हातांना पुन्हा पहिल्यापासून शिकवा. तोवर एका वेळी एकच काम करा. पलीकडे कुणीतरी फोन कानाला लावून वाट बघत असतं.