काका म्हणायची सवय

अकरा वर्षं नर्स म्हणून काढली, त्यातली सात मानसोपचार वॉर्डात, नोकरी सांभाळून मास्टर्स केलं, आणि तरीही वल्लरीला पेशंटशी कसं बोलायचं याची परीक्षा द्यायची होती. तीही दुसऱ्यांदा. सिंगापुरातल्या वर्षभराच्या इंटर्नशिपचा हा शेवटचा टप्पा. पंचेचाळीस मिनिटांत खऱ्या पेशंटची मुलाखत, आणि कोपऱ्यात फॉर्म घेऊन बसलेल्या तपासनीस ऋता मॅडम. पास झाली तर इथल्या नियमाप्रमाणे नर्सलाही स्वतः पेशंट तपासायचा, औषध लिहून द्यायचा अधिकार. नापास झाली तर आणखी सहा महिने, आणि नाशिकला आजीकडे ठेवलेली पाच वर्षांची चैत्रालीही आणखी सहा महिने तिथेच. पोर रोज फोनवर विचारायची, "आई, झाली का गं तुझी परीक्षा?" वल्लरीने त्या प्रश्नाची धास्तीच घेतली होती.

पहिल्या खेपेला ऋता मॅडमनी एकच ओळ लिहिली होती, 'जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल सरळ विचारलं नाही.' मॅडम मूळच्या ठाण्याच्या, सिंगापुरात वीस वर्षं मुरलेल्या. "आपल्याकडे वडीलधाऱ्यांना असं तोंडावर विचारतात का?" असं वल्लरीने म्हटल्यावर त्या थंडपणे म्हणाल्या होत्या, "आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना जीव नकोसा होत नाही का?" वल्लरी बुकित बातोक भागातल्या आपल्या घरापर्यंत धुमसत गेली होती.

आज त्यांनी मुद्दामच मराठी पेशंट दिला असणार. शामकांत गुप्ते, वय एकाहत्तर, जन्मभर जहाजांवर इंजिनियर. बायको गेल्यावर मुलगा परेश त्यांना इथे, चोआ चू कांग भागातल्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. तेव्हापासून जेवण तुटलं, झोप उडाली.

परेशला बाहेर बसवून वल्लरीने खुर्ची पुढे ओढली. "नमस्कार काका. आरामात बसा."

झालं! घोटाळा तिथेच झाला. काका म्हटल्याबरोबर म्हातारा ताठ बसला, आधी तिचंच गाव विचारून घेतलं. "नाशिकची तू? मग इथे मिसळीवाचून करमतं कसं?" झोप? "लागते की." भूक? "या वयात कितीशी लागणार?" आणि वर, "बाळ, तू जेवलीस का? चेहरा उतरलाय तुझा." पुतणीसमोर कुठला काका रडगाणं गाणार? वल्लरी आडून आडून विचारत राहिली, ते हसून टोलवत राहिले. त्या एका प्रश्नापाशी आली की तिची जीभ अडायची. लहानपणी मरणाचं नाव काढलं तरी आई दटावायची, अभद्र बोलू नकोस म्हणून. बघता बघता चव्वेचाळीस मिनिटं गेली. मॅडमचं पेन फॉर्मवर टकटक करायला लागलं.

तिला स्वतःचाच संताप आला. तिने फाइल मिटली.

"मिस्टर गुप्ते, मी तुमची पुतणी नाही. मी इथली नर्स आहे. आत्महत्या करायचा विचार तुमच्या मनात आहे का?"

गुप्त्यांचं हसू मावळलं. ते बराच वेळ आपल्या बुटांकडे बघत राहिले.

"वेळ संपली," मॅडम म्हणाल्या.

वल्लरीने वळूनही बघितलं नाही. "सांगा."

"परेशचा इथला नोकरीचा पास रिन्यू व्हायचाय," ते हळूच म्हणाले. "पुढच्या महिन्यात. त्याआधी काही झालं तर पोलीस, कागदपत्रं... पोराला त्रास नको. तेवढ्यासाठी थांबलोय."

पुढची वीस मिनिटं वल्लरीने सगळं सरळ विचारून घेतलं आणि एकदाही काका म्हटलं नाही. मॅडमनी स्वतः फोन करून वॉर्डात खाट मिळवली, परेशला आत बोलावून समजावलं. मग शांतपणे फॉर्म भरला. नापास.

"मॅडम, तुम्ही ऐकलंत ना ते?"

"ऐकलं. ते पाचव्या मिनिटाला ऐकायला हवं होतं. चाळिसाव्या मिनिटाला हे उठून घरी गेले असते तर?"

ते खरं होतं, आणि तेच वल्लरीला जास्त झोंबलं. आता नाशिकला फोन करून काय सांगायचं?

वल्लरी वॉर्डाकडे व्हीलचेअर ढकलत होती, तेव्हा गुप्त्यांनी मान वळवली. "माझ्यामुळे नापास झालीस ना?"

"हो," ती फणकारली. खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं.



"मग पुढच्या वेळी आधी विचारत जा," ते म्हणाले. "मी सकाळपासून वाट बघत होतो, कुणीतरी विचारेल म्हणून."